मोतीबिंदूनंतर बुबुळावर सूज, कॉर्निया बदला म्हणतात. आईला उताणं झोपणं जमेल का?

मानेवाडाकर (२७ एप्रिल, रात्री ९.४०)

आईचं वय ७३. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सहा वर्षांआधी काढला, भिंग बसवलं. फारच पिकला होता, कारण बाई ऐकतच नव्हत्या. दोनेक वर्षं मस्त दिसलं. मग तक्रार सुरू झाली की सकाळी उठल्यावर वाफ धरलेल्या आरशात पाहिल्यासारखं दिसते, अकरा-बारा वाजले की जरा साफ होते. आम्हाला वाटलं चष्मा पुसत नसेल. आता दिवसभर धुकंच. मधूनच डोळ्यात मिरची गेल्यासारखी कळ येते, पाणी वाहते, आणि आई पदर डोळ्याला लावून खोलीत अंधार करून बसते.

धंतोलीत दोन डॉक्टरांना दाखवलं. निदान दोघांचंही एकच. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी संपत आल्या, त्यात पाणी भरलं, वरती फोड येऊन फुटताहेत. उपाय कॉर्निया बदलणे. पण पहिले म्हणतात फक्त आतला पातळ थर बदलू, डीसेक की डीमेक, या दोनपैकी कुठल्या पद्धतीनं ते बघू, मात्र नंतर छताकडे तोंड करून उताणं पडून राहावं लागेल. दुसरे म्हणतात पूर्ण कॉर्निया बदलू, १६ टाके, झोपायची अट नाही.

भानगड अशी की आईला दमा आहे आणि पाठीला पोक. गेली दहा वर्षं ती तीन उशा लावून डाव्या कुशीवर झोपते. उताणी केली की पाच मिनिटांत खोकला. मला तर दुसरे डॉक्टरच पटून राहिले. कोणी यातून गेलंय का? की ड्रॉप टाकत ढकलत राहायचं? खर्चाचं विचारत नाही, ते ज्याचं त्याचं वेगळं असते. झोपायचं सांगा.

तर्री_जादा (२७ एप्रिल, रात्री ९.५२)

भाऊ, एप्रिलच्या शेवटी नागपुरात झोपायचं विचारून राहिले! आमी कूलरसमोर उताणेच पडून आहो, शिकवणी लावा आमची.

बाकी काकूंना बरं वाटो. मस्करी सोडून सांगतो, माह्या मावशीचं हेच झालं होतं, पण तिचं पूर्ण कॉर्नियावालं. वरचा टाका सैल होऊन टोचायचा. वर्षभर एकेक टाका काढायला चकरा. दिसायला लागलं, पण नंबर असा वाकडातिकडा आला की चष्मेवाल्यानं हात टेकले.

सुमन_खामला (२७ एप्रिल, रात्री १०.३०)

माझं डीसेक होऊन तीन वर्षं झाली. सकाळचं धुकं म्हणालात ना, अगदी तस्सं. मी देवाजवळच्या निरांजनाभोवती इंद्रधनुष्य बघायचे आणि घरच्यांना वाटायचं सासूबाईंना साक्षात्कार व्हायला लागले.

ऑपरेशनचं काही नाही हो. भूल दिलेली असते, दुखत नाही. डोळ्याच्या कडेला छोटी चीर देऊन आतून खराब थर खरवडून काढतात, नवीन थर घडी करून आत सरकवतात आणि खालून हवेचा बुडबुडा सोडतात. तो बुडबुडा त्या थराला वर दाबून धरतो. टाके नाहीत, म्हणजे चिरेला एखाददुसरा. हवा वर जाते, म्हणून तोंड वर ठेवायचं. एवढंच कारण आहे उताणं झोपण्याचं. पहिले काही तास कडक, मग दोन-तीन दिवस जमेल तितकं. जेवायला, बाथरूमला उठू देतात. मी छताच्या पंख्याच्या पात्यावरची धूळ बघून बघून सुनेला नावं ठेवली, तेही दुसऱ्या डोळ्यानं.

मुद्द्याचं_बोला (२८ एप्रिल, सकाळी ८.०५)

सगळे उपचार सांगताहेत, मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. ज्यानं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं त्याला का सोडता? डोळा त्यानंच बिघडवला. फाइल घ्या, ग्राहक आयोगात जा.

माजी_रेसिडेंट (२८ एप्रिल, दुपारी २.१५)

@मुद्द्याचं_बोला, इतकं सरळ नसतं.

कॉर्निया मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, फरशी बसवल्यासारखा, षटकोनी. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि या पेशी ते सतत बाहेर फेकत असतात. तळघरात पाणी शिरतं म्हणून आपण मोटर लावून ठेवतो, तसं. मोठ्या माणसात प्रत्येक चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार पेशी असतात. माणसाच्या डोळ्यात त्या नव्यानं तयार होत नाहीत. वयानं दरवर्षी थोड्या कमी होतात, शेजारच्या पसरून जागा भरून काढतात. पाचशेच्या आसपास आल्या की मोटर पुरत नाही आणि कॉर्निया फुगतो.

मोतीबिंदूच्या कोणत्याही ऑपरेशनमध्ये काही पेशी जातातच. खूप पिकलेला, दगडासारखा मोतीबिंदू असेल तर तो फोडायला ऊर्जा जास्त लागते, पेशी जास्त जातात. काहींच्या पेशी मुळातच कमकुवत असतात, त्याला फुक्सचा आजार म्हणतात, तो ऑपरेशनपूर्वी लक्षात आला नाही तर नंतर उघडा पडतो. भिंग बाहुलीच्या पुढच्या कप्प्यात बसवावं लागलं असेल तर तेही कारण असू शकतं. फाइल न बघता कोणाला फासावर देऊ नका.

सकाळी जास्त धूसर का, तर रात्रभर पापणी मिटलेली, पृष्ठभागावरून बाष्पीभवन नाही, सूज वाढते. दिवसा हवेनं थोडी उतरते. म्हणूनच खारट ड्रॉप, पाच टक्के मिठाचे, देतात. पाणी शोषून घ्यायला. पूर्वी रुग्णांना सकाळी हेअर ड्रायर हातभर लांब धरून डोळ्यावर कोमट हवा घ्यायला सांगत.

तर्री_जादा (२८ एप्रिल, दुपारी २.३१)

मे महिन्यात नागपूरकराले ड्रायर कशाला? गच्चीवर उभं करा बारा वाजता.

माजी_रेसिडेंट (२८ एप्रिल, दुपारी २.४०)

हसू आलं, पण सूज उतरायला कोरडी हवा बरी हे खरंच आहे. फक्त फोड फुटलेल्या डोळ्यात धूळ आणि लू नको. मानेवाडाकर, तुमच्या झोपण्याच्या प्रश्नाकडे रात्री येतो, ओपीडी आहे.

गुरुजी_वर्धा (२८ एप्रिल, सायंकाळी ६.२०)

अवांतर आहे, पण राहवत नाही. पूर्ण कॉर्निया बदलण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन ७ डिसेंबर १९०५ चं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केलं. रुग्ण मजूर होता, चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेले. कॉर्निया मिळाला तो ११ वर्षांच्या एका मुलाचा, ज्याचा जखमी डोळा काढावा लागला होता. दोन डोळ्यांत बसवले, त्यातला एक टिकला.

भिंगाची गोष्ट निराळी. लंडनचे हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं की लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात राहिले तरी डोळा चिडत नाही. त्यावरून १९४९ मध्ये पहिलं भिंग बसवलं. म्हणजे एका शोधानं मोतीबिंदूवाल्यांना दृष्टी दिली आणि त्यातल्या काहींना झिर्मसाहेबांच्या दारात नेऊन उभं केलं. फक्त आतला थर बदलण्याची युक्ती तर कालपरवाची. नेदरलँड्सचे खेरिट मेलेस यांनी १९९८ मध्ये सुरुवात केली, डीमेक २००६ च्या सुमारास.

सदाशिव_पेठी (२८ एप्रिल, सायंकाळी ६.४४)

गुरुजी, उत्तम. पण १९०५ ला पुण्यात कोणीतरी आधी करून ठेवलं असेल, फक्त दुपारी एक ते चार बंद असल्यामुळे नोंद झाली नसेल.

माजी_रेसिडेंट (२८ एप्रिल, रात्री ११.०५)

@मानेवाडाकर, आता तुमचा प्रश्न. तुम्हाला वाटतंय की झोपता येत नाही म्हणून पूर्ण कॉर्निया बरा. जरा उलटं बघा.

ऑपरेशनच्या टेबलावर दोन्हीत उताणंच झोपावं लागतं. पूर्ण कॉर्निया बदलताना जुना कॉर्निया गोल कापून काढतात आणि नवा शिवून होईपर्यंत डोळा समोरून अक्षरशः उघडा असतो. त्या मिनिटांत रुग्ण जोरात खोकला तर आतलं दडपण वाढतं आणि डोळ्यातलं बाहेर येऊ शकतं. आम्ही सगळ्यात जास्त त्याला भितो. डीसेक, डीमेकमध्ये चीर लहान, डोळा बंद कप्प्यासारखाच राहतो. म्हणजे खोकला असलेल्या माणसाला पूर्णवालं ऑपरेशन जास्त धोक्याचं, कमी नाही. ते पूर्ण भूल देऊन करता येतं, पण दमेकरी माणसाला पूर्ण भूल म्हणजे पुन्हा भूलतज्ज्ञांचं डोकं दुखणार.

दुसरं. पूर्ण कॉर्नियाची जखम वर्षानुवर्षं कच्चीच राहते. आई पडली, मार लागला, तर शिवणीवर उसवू शकते. नव्या कॉर्नियाला शरीरानं नाकारण्याचं प्रमाणही पूर्णमध्ये जास्त, डीसेकमध्ये त्याहून कमी, डीमेकमध्ये सगळ्यात कमी.

डीमेकचा थर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. सुटतोही लवकर, पुन्हा हवा भरावी लागते. डीसेकचा त्याच्या दसपट जाड, थोडा कमी लख्ख दिसतो पण नीट चिकटतो, झोपण्याच्या बाबतीत थोडी माफी देतो. तुमच्या आईसाठी मी पहिल्या डॉक्टरांना डीसेकबद्दल नेमकं विचारलं असतं. अर्थात डोळा त्यांनी पाहिलाय, मी नाही.

आणि ढकलत राहू नका. खूप काळ सूज राहिली की मधला भाग पांढुरका पडून व्रण धरतो. मग आतला थर बदलूनही काच धुरकट राहते, आणि तेव्हा खरंच पूर्ण कॉर्नियाच बदलावा लागतो.

मानेवाडाकर (२९ एप्रिल, सकाळी ७.१५)

बाप रे. मी दोन आठवडे उलट्याच बाजूनं विचार करत होतो. दुसऱ्या डॉक्टरांना खोकल्याचं सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. आधी छातीच्या डॉक्टरकडे नेतो.

@मुद्द्याचं_बोला, फाइल काढली. मोतीबिंदूच्या आधी पेशी मोजल्याचा कागद त्यात नाही. राग येतो. पण दोन वर्षं मोतीबिंदू पिकवत घरी बसणारी माझी आईच होती, आणि 'पुढच्या वर्षी करू' म्हणणारा मीच. भांडायला कोणाकडे जाऊ?

मुद्द्याचं_बोला (२९ एप्रिल, सकाळी ९.००)

तुम्ही सोडून द्या, मी सोडणार नाही. सत्तरीच्या पुढे, पिकलेला मोतीबिंदू, तर आधी पेशी मोजायलाच हव्यात. फोटो काढण्याएवढी साधी तपासणी आहे, डोळ्याला हातही लागत नाही.

माजी_रेसिडेंट (२९ एप्रिल, सकाळी ९.२०)

यावर मात्र भांडण नाही. ते यंत्र सगळीकडे नसतं, पण विचारायचा हक्क सगळ्यांना आहे.

अंबाझरी_वॉकर (२९ एप्रिल, दुपारी १२.४०)

हैदराबादला एल. व्ही. प्रसाद डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणा की. आमच्याकडचे अर्धे लोक डोळ्यासाठी तिकडेच जातात, रात्रीच्या गाडीनं जा, सकाळी ओपीडी.

सुमन_खामला (२९ एप्रिल, दुपारी १.१०)

जायला हरकत नाही, पण नंतरच्या तपासण्या धरा. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं, मग वर्षभर. आणि डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, अचानक धूसर दिसलं, दुखलं तर त्याच दिवशी पळावं लागतं, कारण शरीर नाकारतंय याची ती खूण. मी नागपुरातच केलं ते एवढ्यासाठी. ड्रॉपही लांबतात हो. स्टेरॉइडचे सुरुवातीला दर दोन तासांनी, आता तीन वर्षांनीही रोज एक. त्यानं डोळ्याचं दडपण वाढू शकतं म्हणून तेही मोजत राहायचं.

रात्रपाळी (३० एप्रिल, पहाटे ४.५०)

धागा पहिल्यापासून वाचला. मी नेत्रपेढीत काम करते. तुम्ही सगळे ज्याला 'नवीन थर' म्हणताय तो आणायला रात्री-बेरात्री आम्ही जातो, म्हणून चार ओळी.

आत्ताच इतवारीतून एका घरून परतले. आजोबा ७६ वर्षांचे. मुलानं फोन केला तेव्हा मृत्यूला एक तास झाला होता. मी फोनवरच सांगितलं, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. सहा तासांच्या आत काढायचं असतं. अरुंद गल्ली, गाडी आत जाईना, पेटी हातात घेऊन चालत गेलो. घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या, "चेहरा खराब नाही ना होणार?" नाही होत. बहुतेक वेळा आम्ही फक्त कॉर्निया काढतो, वीस मिनिटांचं काम, पापणी मिटली की कळतही नाही. नंतर त्याच आजींनी आम्हाला पाणी दिलं.

लोकांना वाटतं म्हाताऱ्याचे डोळे काय कामाचे. डीमेकसाठी तरुणाचा थर काढला की घट्ट गुंडाळी होतो, डोळ्यात उलगडता उलगडत नाही. सत्तरीतल्या माणसाचा शांतपणे पसरतो. पेशी चांगल्या असल्या की झालं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग असं काही असेल तर मात्र वापरत नाहीत. आणि फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. उलट फॉर्म भरलेला असतो आणि घरच्यांना आठवतच नाही, असं जास्त होतं.

@मानेवाडाकर, कॉर्निया कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. फोन आला की निघायची तयारी ठेवा. कोणाचा होता ते तुम्हाला सांगणार नाहीत.

तर्री_जादा (३० एप्रिल, सकाळी ७.०२)

ताई, तुमच्यापुढे मस्करी सुचत नाही. फॉर्म कुठे भेटते?

रात्रपाळी (३० एप्रिल, सकाळी ७.२०)

व्यनि (वैयक्तिक निरोप) केला. पण आधी बायकोला सांगून ठेवा.

तर्री_जादा (३० एप्रिल, सकाळी ७.२५)

बायको म्हणते, जिवंतपणी डोळे उघडा, मग दान करा.

मानेवाडाकर (१९ जून, रात्री १०.१०)

खूप दिवसांनी येतोय. आधी छातीच्या डॉक्टरांनी पंप बदलला, पंधरा दिवसांत खोकला अर्धा झाला. मग घरी सराव सुरू केला. पहिल्या दिवशी आई सात मिनिटं टिकली आणि मला शिव्या दिल्या.

युक्ती सापडली ती आमच्या डॉक्टरांकडून. ते म्हणाले, पाठ सपाट व्हायची गरज नाही, तोंड छताला समांतर हवं. मग दिवाणावर पोकाच्या खाली दोनदा घडी घातलेली गोधडी, मानेखाली लहान उशी, गुडघ्यांखाली लोड. कपाळावर मी मसाल्याचा चपटा डबा ठेवून बघायचो, घसरला की पुन्हा रचना. दहा दिवसांत पाऊण तास. डोळे मिटून बाई हरिपाठ म्हणायच्या, मध्येच "भात लागला वाटते" म्हणून उठायच्या.

सोमवारी चार वाजता फोन आला. मंगळवारी सकाळी डीसेक झालं, पाऊण तास लागला. एकदाही खोकली नाही.

सुमन_खामला (१९ जून, रात्री १०.२०)

अभिनंदन! आता पंख्याची पाती आधी पुसून घ्या.

मानेवाडाकर (२२ जून, दुपारी ३.३०)

तेवढं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर खालची कड सुटलेली. पुन्हा टेबलावर, पुन्हा हवा. माझा धीर सुटला होता, आई म्हणाली, "सायकलच्या ट्यूबमध्ये तू किती वेळा हवा भरायचा?" या खेपेला चिकटलं. हवेची रेघ तिला दिसायची, मान हलवली की डुलणारी. माझे वडील गवंडीकाम करायचे. ती म्हणाली, तुझ्या बाबाच्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा माझ्या डोळ्यात आला. पाच दिवसांत तो लहान होत होत गेला.

माजी_रेसिडेंट (२२ जून, सायंकाळी ५.००)

पुन्हा हवा भरावी लागणं नेहमीचं आहे, त्याला अपयश समजू नका. डोळा चोळू देऊ नका, झोपताना प्लास्टिकचं कवच लावा. विमान, घाट वगैरे हवा पूर्ण जाईपर्यंत नाही.

मानेवाडाकर (मारबतीच्या दिवशी, दुपारी १.१५)

दोन महिने झाले. सकाळचं धुकं गेलं. कळ तर पहिल्याच आठवड्यात गेली होती. चष्मा लावून आई तक्त्यावरची खालून तिसरी ओळ वाचते. आज सकाळी महालात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला गेलो, गर्दी नको म्हणून नातेवाइकांच्या गॅलरीत बसवलं. पिवळी मारबत वळणावर आली तर म्हणते, "यंदा हिच्या डोळ्यात काजळ वाकडं भरलं." मी पाहिलं, खरंच वाकडं होतं.

@रात्रपाळी, ज्या घरून कॉर्निया आला त्यांना काही पोचवता येत असेल तर सांगा.

तर्री_जादा (मारबतीच्या दिवशी, दुपारी १.३०)

काचबिंदू-मोतीबिंदू घेऊन जा गे मारबत!

रात्रपाळी (मारबतीच्या दिवशी, रात्री ११.५५)

नाव न लिहिता पत्र द्या, पेढीकडून पोचवता येतं. २५ ऑगस्टपासून नेत्रदान पंधरवडा आहे, ८ सप्टेंबरपर्यंत आम्हाला दिवसाही झोप नाही. त्याआधी द्या.

मानेवाडाकर (दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.१०)

आईनं स्वतः लिहिलं, चार ओळी. त्यातली एक खोडलीय, ती काय होती ते सांगत नाही.

आता एक विचारायचं राहिलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू तिलाच काढून हवाय, लगेच. या वेळी आधी पेशी मोजल्या, १,४८० आल्या. काढायचा की थांबायचं?

माजी_रेसिडेंट (दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.४०)

पिकायच्या आत काढा. आकडा डॉक्टरांना दाखवा, पेशी जपायला आत जेल भरपूर वापरा म्हणावं, आणि उजव्याचे ड्रॉप बंद करू नका. बाकी त्यासाठी नवा धागा काढा, हा फार लांबला.